आमच्या दाजींची पहिली आंघोळ

आमच्या घरमालकांनी आयुष्यात कुठल्याही दुरुस्तीला नाही म्हटलं नाही. गळका नळ, न लागणारी कडी, जिन्यातला गेलेला दिवा, काहीही सांगा, नाना मान डोलवून म्हणायचे, "होऊन जाईल." ते इतक्या मायेने म्हणायचे की ऐकणाऱ्याला काम झाल्यासारखंच वाटायचं. नळ मात्र गळत राहायचा.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मखमलाबाद रोडला तेव्हा निम्मी घरं होती आणि निम्मे मळे. नानांकडे दोन्ही होतं. खालच्या मजल्यावर नाना आणि त्यांची बायको माई, वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आम्ही, आणि घराला लागून त्यांचा भाजीपाल्याचा नि झेंडूचा मळा. घरमालकी हा नानांचा फावल्या वेळेतला उद्योग होता आणि झेंडूच्या हंगामात त्यांना फावला वेळ नसायचा. (झेंडूचा हंगाम संपला की मेथीचा सुरू व्हायचा.)

या घराचं एकच ऐश्वर्य होतं, ते म्हणजे गीझर. बाथरूमच्या वर माळा होता आणि त्या माळ्यावर तो बसवलेला होता. त्याची नळी स्लॅबच्या भोकातून खाली बाथरूममध्ये उतरायची आणि तिच्या टोकाला नळ होता. बाथरूमच्या दाराबाहेर बटण, बटणावर लाल दिवा. बटण दाबलं की दिवा लागायचा, थोड्या वेळाने नळाला कढत पाणी यायचं. गल्लीत असा गीझर दुसऱ्या कोणाकडे नव्हता, त्यामुळे आम्ही भाडेकरू असूनही त्याच्याबद्दल मालकाच्या तोऱ्यात बोलायचो.

तो श्रावणात बंद पडला. नाना स्वतः माळ्यावर चढले. त्यांनी गीझरला कान लावला, दोन थापट्या मारल्या (कलिंगडही ते असंच बघायचे) आणि "आतून गेलाय" असं निदान केलं. मग त्याला खाली उतरवून, टेम्पोत फुलांच्या पाट्यांमध्ये बसवून ते दुरुस्तीला घेऊन गेले. आठवड्यात येईल म्हणाले. आम्ही माळ्यावरच्या उघड्या नळीत एक चिंधी कोंबली आणि गॅसवर पाणी तापवायला लागलो.

तसं आमचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते सटाण्याला.

माझी ताई त्याच वर्षी वैशाखात लग्न होऊन सटाण्याला गेली होती. सासर कांद्याच्या शेतीतलं, भरल्या घराचं आणि मोकळ्या हाताचं. पण आंघोळीचं पाणी तापायचं मागच्या अंगणात, चुलीवरच्या तांब्याच्या हंड्यात, आणि तिथे जाळ घालायचं काम नव्या सुनेकडे. धुराने डोळे चुरचुरत असताना एकदा ताई बोलून गेली, की आमच्याकडे नाशिकला नुसतं बटण दाबलं की गरम पाणी येतं. तिच्या सासूबाईंनी शांतपणे विचारलं, मग जाळ कोण घालतं? ताई म्हणाली, कोणीच नाही.

झालं! सून बढाया मारते, असं त्या दिवशी सासूबाईंच्या मनाने घेतलं ते घेतलंच. पुढे ताईने माहेरचं काहीही सांगितलं, आमची आई पापड करते म्हटलं, तरी सासूबाई "बटण दाबून का?" एवढंच विचारायच्या आणि जावा तोंडाला पदर लावून हसायच्या. बिचारी रडकुंडीला आली. शेवटी पहिल्या दिवाळसणाची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी आपल्या मुलाला, म्हणजे आमच्या दाजींना, स्पष्ट बजावलं की सासुरवाडीला जातोच आहेस तर पहिली आंघोळ त्या बटणाच्याच पाण्याने कर आणि खरं काय ते मला येऊन सांग.

हे सगळं ताईने बाबांच्या ऑफिसात फोन करून कळवलं. शेवटी म्हणाली, "बाबा, गीझर चालू आहे ना?" बाबा म्हणाले, "होऊन जाईल." इतकी वर्षं नानांच्या वर राहून त्यांनाही तो रोग लागला होता.

आता तुम्ही म्हणाल, सरळ खाली जाऊन नानांना सांगायचं की आमचा गीझर द्या. आमच्या घरात सरळ काही नसतं. आईचे दोन कायदे होते. एक, कोणाकडे काही मागायला रिकाम्या हाताने जायचं नाही. दोन, कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. आणि दुर्दैवाने हा दुसरा कायदा माईंचाही होता.

पहिल्यांदा बाबा गेले, वाटीभर शिरा घेऊन. बाबांना तक्रार करता येत नाही. हॉटेलात चहात माशी पडली तर ते माशीची क्षमा मागतील. त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि अगदी निघताना धाडस करून म्हणाले, "नाना, थंडी पडायला लागली हो." नाना आनंदाने म्हणाले, "लागली ना! झेंडूला लय चांगली." बाबा परत आले आणि आईला म्हणाले, सूचक बोलून आलोय. मागोमाग माईंनी शिऱ्याची वाटी परत पाठवली, मेथीच्या जुडीबरोबर.

एवढी मेथी घेतल्यावर लगेच तक्रार कशी करणार? आईने त्याच मेथीचे पराठे केले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन गेली. माईंना पराठे इतके आवडले की दोघी पराठ्यांवरच बोलत बसल्या. येताना आईच्या ताटलीत वांगी. वांग्यांचं भरीत खाली गेलं, वाडग्यातून गवार आली. गवारीची भाजी मी घेऊन गेलो. आईने मला जिन्यात दोनदा पाठ म्हणायला लावलं होतं: "नाना, गीझरचं काय झालं?" पण माईंनी मला पाटावर बसवून दूध-भाकर वाढली, आणि जेवताना माणसाच्या तोंडाला एकच काम करता येतं. (निदान मला तरी.) मी परत आलो तो झेंडूची टोपली डोक्यावर घेऊन.

असं महिनाभर चाललं. दसऱ्याचं तोरण त्यांच्या फुलांचं, कोजागरीचं दूध आमचं. दोन्ही घरांत एवढं प्रेम वाढलं की गीझरचा विषय काढणं म्हणजे भरल्या पंगतीत उलटी करण्यासारखं झालं. ज्याच्या वांग्यांचं भरीत काल खाल्लं, त्याला आज कुठल्या तोंडाने विचारणार? आईला रोज वाटायचं, नानांनी आपणहून समजून घ्यावं. नाना रोज भेटायचे, गोड हसायचे आणि समजून काही घ्यायचे नाहीत.

आणि दाजी आले.

आमचे दाजी म्हणजे उंचपुरा, दार भरून टाकणारा आणि जवळजवळ न बोलणारा माणूस. बोलण्यापेक्षा त्यांचं बघणंच जास्त. सासुरवाडीला पहिल्यांदा मुक्कामाला आलेला जावई दिवाणखाना बघतो, फोटो बघतो. हे हातपाय धुवायला म्हणून उठले ते थेट बाथरूमच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बटणाकडे पाहिलं. मग एका बोटाने ते दाबलं. वायर जिथल्या तिथे होती, त्यामुळे लाल दिवा इमानदारीत लागला.

"हां," दाजी म्हणाले. "लागतो."

बाबांनी पटकन बटण बंद केलं आणि म्हणाले, उगाच वीज कशाला. दाजींनी मान हलवली. उद्या पहाटे तर आंघोळ आहेच, म्हणाले.

ताई माळ्यावर डोकावून स्वयंपाकघरात आली, तिला खरा प्रकार कळला होता. ती चिडली नाही, ओरडली नाही. भिंतीला टेकून हळू आवाजात म्हणाली, "आई, मी तिथे सहा महिने या एका गीझरवर मान वर करून जगतेय गं." आईच्या हातातलं लाटणं थांबलं.  मी लहानपणापासून ताईशी भांडत आलो होतो, पण तिला असं हरलेलं कधी बघितलं नव्हतं.

त्या क्षणी कोणीतरी शहाण्या माणसाने खाली जाऊन नानांना विचारायला हवं होतं. पण नेमकी त्याच संध्याकाळी माईंनी परत एक टोपलीभर झेंडू पाठवला होता! तेव्हा शहाणपण बाद झालं आणि मला कल्पना सुचली.

कल्पना साधी होती. दाजी बटण बघणार, दिवा बघणार, नळ बघणार. माळा कोण बघतंय? चिंधी काढली की नळीचं वरचं तोंड माळ्यावर उघडंच होतं. त्यात नरसाळं बसवायचं, गॅसवर उकळलेलं पाणी वरून ओतायचं, खाली नळाला गरम पाणी. त्याला बाबा म्हणाले, "पण हे फसवणं झालं." आई म्हणाली, "फसवणं कसलं? बटण खरं, दिवा खरा, पाणी गरम." प्रश्न फक्त नरसाळ्याचा होता. घरात एकच नरसाळं होतं, ते रॉकेलचं. आईने ते राखेने घासलं, चिंचेने घासलं, साबणाने घासलं. शेवटी वास घेऊन म्हणाली, उटण्याच्या वासात कळणार नाही.

पहाटे मला उठवायला आईने पांघरूण ओढलं, बाबांनी हाक मारली आणि ताईने तोंडावर गार पाणी मारलं. नाशिकची दिवाळीची पहाट म्हणजे दात वाजवणारी थंडी. अशा थंडीत मी अंगात स्वेटर आणि कानाला मफलर बांधून स्टुलावर चढलो. माळ्यावर आधीच एक ट्रंक, गाद्यांच्या वळकट्या आणि आमचा दोघांचा जुना पाळणा होता. उरलेल्या जागेत एक बारीक माणूस मावला असता. मी बारीक नव्हतो. बाबांनी आणि ताईने खालून ढकललं तेव्हा कुठे मी पाळण्याच्या नि ट्रंकेच्या मधल्या फटीत गुडघे छातीशी घेऊन बसलो. आईने पाण्याचं पहिलं पातेलं वर दिलं.

बाहेरच्या खोलीत दाजींना पाटावर बसवून ताईने तेल-उटणं लावलं, ओवाळलं. मग दाजी वर न बघता, धीरगंभीर पावलांनी बाथरूममध्ये गेले. बाबांनी दाराबाहेर उभं राहून बटण दाबलं आणि मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने म्हणाले, "जावईबापू, चालू केला हं."

खाली नळ उघडल्याचा आवाज आला. मी ओतलं.

काही वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग खालून दाजींचा आवाज आला, "पाणी तं मस्त शे." सटाण्याकडची बोली त्यांच्या तोंडी खूश झाल्यावरच यायची, हे ताईला माहीत होतं. तिने स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघून हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मला हात जोडले होते आणि मला तेव्हा परत नमस्कार करता येत नव्हता, कारण दोन्ही हातांत पातेलं होतं.

मग दाजींनी हुंगलं. माळ्यावर ऐकू येईल असं हुंगलं.

"मामा, पाण्याला रॉकेलचा वास शे का?"

बाबा म्हणाले, शहरातल्या पाण्याला काहीना काही वास असतोच. दाजींना ते पटलं. शहराबद्दल त्यांचं मत आधीपासून तसंच असावं. पण इकडे आईचा चेहरा पांढरा पडला, कारण जावयाची आंघोळ चालू असताना दाराशी फुलबाजी लावायची आमच्याकडे रीत, आणि ताई काडेपेटी घेऊन निघालीच होती. आईने तिच्या हातातली काडेपेटी हिसकावून डाळीच्या डब्यात टाकली. यंदा फुलबाजीशिवाय आंघोळ, असा नवा कुळाचार तिने जागच्या जागी सुरू केला.

इथपर्यंत सगळं आवाक्यात होतं. पुढे दाजींमधला शेतकरी जागा झाला. शेतकरी नवी वस्तू एकदाच वापरून गप्प बसत नाही, चालवून बघतो. दाजींनी नळ बंद केला. माझं ओतणं चालूच होतं. खाली जायला वाट न राहिल्याने ते पाणी नरसाळ्यातून उसळलं आणि थेट माझ्या मांडीवर आलं.

"आई गं!"

नळ उघडला. नळ परत बंद झाला. परत उसळी, परत मी. मफलर तोंडात कोंबला तरी आवाज बाहेर पडायचा तो पडलाच.

"मामा," दाजी आतून म्हणाले, "वर कोण बोललं?"

"गीझर," बाबा म्हणाले. "तापला की बोलतो."

आयुष्यभर खोटं न बोललेला माणूस एकदा सुटला की असा सुटतो. दाजींना मात्र हे फार आवडलं. त्यांनी नळ पुन्हा चारपाच वेळा उघडबंद करून पाहिला आणि गीझर दर वेळी बोलला.

मग साबण लावायची वेळ आली. दाजींचं अंग मोठं, त्यामुळे साबणही बराच लागत असावा आणि पाणी तर बेसुमार. मी खाली हात करत होतो, आई भरलेलं पातेलं देत होती, रिकामं घेत होती. आणि एकदा मी हात खाली केला तर हातात काहीच आलं नाही. वाकून बघितलं. आई शेगडीसमोर उभी राहून सिलेंडर हलवत होती. संपला होता. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, डोक्यापासून पायापर्यंत साबण लावलेला जावई आत असताना!

"मामा, पाणी थांबलं," दाजी म्हणाले.

"दम खातोय," बाबा म्हणाले. त्यांचं बोट अजून बटणावर होतं.

आता लाज धरून चालण्यासारखं नव्हतं. ताई अनवाणीच जिना उतरून पळाली. नाना अंगणात बंब पेटवून स्वतःच्या आंघोळीची तयारी करत होते. पाहुण्याला गरम पाणी हवंय एवढंच तिने सांगितलं आणि नानांनी कशासाठी, किती, काहीही विचारलं नाही. अर्ध्या अंगाला उटणं लावलेलं असताना, तशाच बंडीवर, वाफाळलेली बादली उचलून ते आमच्या जिन्याने वर आले. नाना माणूस म्हणून लाख होते, हे मी आजही कबूल करतो. फक्त त्यांना हळू बोलता येत नसे. मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाशी बोलायची त्यांना सवय होती.

त्यांनी बादली ठेवली. माळ्यावर मी, माझ्या हातात नरसाळं, हे पाहिलं. थोडा वेळ त्यांना काही उमगेना. मग म्हणाले, "आरं, हे काय चाललंय? तुमचा गीझर तर नवरात्रातच दुरुस्त होऊन आलाय. आमच्या दिवाणाखाली पडलाय की!"

बाथरूममध्ये साबणाची वडी पडल्याचा आवाज आला.

बाबांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, नाना, मग सांगितलं का नाही? नानांना खरंच आश्चर्य वाटलं. "बसवणारा माणूस येतो येतो म्हणत होता. अन् तुम्ही रोज येऊन जायचे, त्याच्याबद्दल एक शब्द काढायचे नाय. मला वाटलं, तुम्हाला काय घाई नाय."

त्याच वेळी बाथरूमची कडी वाजली.

दाजी बाहेर आले. कमरेला पंचा, बाकी सगळा फेस. फेसातून फक्त डोळे दिसत होते. त्यांनी नानांच्या बादलीकडे पाहिलं. बाबांच्या बोटाकडे पाहिलं, ते अजूनही बटणावर होतं आणि दिवा इमानदारीत लागलेला होता. मग त्यांची नजर हळूहळू वर चढली आणि माळ्यावर माझ्यापाशी येऊन थांबली.

"मेव्हणे," ते म्हणाले, "म्हणजे गीझर तुम्ही?"

मी म्हणालो, "हो, दाजी."

दुसरं काय म्हणणार? ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस आल्या पावली निघून जाणार आणि आमच्या ताईला जन्मभर त्या चुलीपुढे मान खाली घालून बसावं लागणार. माझी भाजलेली मांडी मी विसरलो.

दाजींच्या खांद्यावरचा फेस हलला. मग पोटावरचा हलला. मग ते माळ्याखालच्या स्टुलावर मटकन बसले आणि हसायला लागले. हसता हसता साबण डोळ्यांत गेला म्हणून रडायला लागले, तरी हसू थांबेना. "दम खातोय," असं मध्येच म्हणायचे आणि पुन्हा फुटायचे. त्यांचं बघून नाना हसले, नाना का हसले हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. बाबांनी पहिल्यांदा बटणावरचं बोट काढलं. आईने देवाकडे बघून हात जोडले आणि पाणी निवतंय जावईबापू, आंघोळ उरकून घ्या, असं म्हणत खुर्चीत बसली. मला तर इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी तिथल्या तिथे हातपाय पसरले असते, पण पसरता येईनात.

कारण मी अडकलो होतो. पाळण्याच्या दांड्यात एक गुडघा, ट्रंकेच्या कडीत स्वेटर. बाबांनी ओढलं, काही नाही. आंघोळ उरकून दाजी आले, त्यांनी आणि नानांनी मिळून ओढलं, पाळणा माझ्यासकट पुढे आला. नानांनी मग खिडकीतून हाळी दिली आणि बाहेर फटाके उडवणारी सगळी गल्ली वर आली. कोणी ट्रंक धरली, कोणी पाळणा, कोणी मला, आणि बाकीच्यांनी सल्ले दिले. शेवटी मी खाली आलो तो गाद्यांच्या वळकट्यांवर, स्वेटरची एक बाही माळ्यावर ठेवून.

त्या दिवशी दुपारीच गीझर बसला. जादू अशी काही नव्हती. माईंनी नानांना सगळ्या गल्लीसमोर फैलावर घेतलं, आणि दाजींनी फक्त एवढंच म्हटलं की नाना, तो माणूस कुठे राहतो, चला आपण दोघं जाऊन घेऊन येऊ. घरच्या जावयाने असं म्हटल्यावर नानांना "होऊन जाईल" म्हणायला जागाच उरली नाही. नळाला खरं कढत पाणी आलं तेव्हा ताईने त्याखाली हात धरला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. भाऊबिजेपर्यंत दाजी रोज दोनदा आंघोळ करत होते.

पण मुख्य काळजी तशीच होती. सटाण्याला जाऊन दाजी काय सांगणार? भाऊबीज झाल्यावर ताईला पोचवायला मीही त्यांच्याबरोबर गेलो. एसटीत ताईने दोनदा विषय काढला. दाजी खिडकीबाहेर कांद्याची रोपं बघत राहिले. ताईने बांगड्यांशी चाळा करून करून मनगट लाल केलं होतं.

ओसरीवर सासूबाई वाटच बघत होत्या. जावा कामं सोडून दाराशी आल्या. माझ्यापुढे चिवड्याची ताटली आली. आम्ही नीट बसतो न बसतो तोच सासूबाईंनी मुलाला विचारलं, "खरं शे का रे ते, भाऊ?"

दाजींनी सावकाश टोपी काढून मांडीवर ठेवली. "खरं शे," म्हणाले. "बटण दाबलं, लाल दिवा लागला, नळाला गरम पाणी आलं. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, अंगावर घेतलं."

ताईने श्वास सोडला तो मला शेजारी बसून ऐकू आला. सासूबाईंनी उठून ताईच्या पाठीवरून हात फिरवला, माझी सून खोटं नाही बोलत असं जावांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, आणि मुलाला हुकूम सोडला की मग आपल्याकडेही अगदी तस्साच एक घेऊन ये.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. माझा घास हातातच राहिला.

"आणला असता, आई," ते म्हणाले. "पण त्याची कटकट लय शे. सकाळी उठवायला तिघं लागतात, वर चढवायला दोघं, अन् खाली उतरवायला सगळी गल्ली."

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं, मग चिवडा धरून बसलेल्या माझ्याकडे बघितलं, आणि अंगणातल्या हंड्याकडे बघून अत्यंत समाधानाने म्हणाल्या, "नको बाई मग. आपली चूल बरी."

त्यानंतर आयुष्यात मला नोकरीत नाकारलं, दोन मुलींनी नाकारलं, एकदा पासपोर्टाच्या ऑफिसनेही नाकारलं. त्या प्रत्येकाला काहीतरी कारण होतं आणि त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पण समोर चूल ठेवून, दोन्हींकडे नीट निरखून बघून, माणसाला नापास करणारं स्थळ मी सटाण्यालाच पाहिलं.